जिंकणाऱ्याला शिकवता येतं का?

मियामोतो मुसाशीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती तेहेतीस वर्षं आधीच संपवतात. १६१२ साली जपानमधल्या एका चिमुकल्या बेटावर मुसाशी आणि सासाकी कोजिरो समोरासमोर आले. कोजिरोकडे त्याची गाजलेली लांब तलवार होती. मुसाशीकडे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, होडीचं वल्हं तासून केलेली लाकडी तलवार. कोजिरो मेला, मुसाशी होडीत बसून निघून गेला आणि गोष्ट संपली. तेव्हा मुसाशी तिशीच्या उंबरठ्यावर होता. तो वारला १६४५ साली. मधल्या काळात त्याने चित्रं काढली, मुलगा दत्तक घेऊन वाढवला, शिमाबाराच्या बंडाच्या वेळी दगड लागून जखमी झाला, एका मोठ्या सरदाराकडे पाहुणा म्हणून राहिला, शिष्य घडवले आणि मरणापूर्वी एक पुस्तक लिहिलं. बिनधन्याचा भटका तलवारबाज मान्यवर गुरू झाला तो याच वर्षांत. आणि नेमकी हीच वर्षं कादंबरीकारांना आणि दिग्दर्शकांना नकोशी झालेली दिसतात.

या वगळण्याकडे मला जरा थांबून पाहायचं आहे. कारण त्याबरोबर एक अडचणीचा प्रश्नही वगळला जातो. जो कधी हरलाच नाही, त्याच्याकडे शिकवण्यासारखं असतं तरी काय?

आधी थोडी पार्श्वभूमी. धनी नसलेल्या सामुराईला जपानी भाषेत 'रोनिन' म्हणतात. शब्दाचा अर्थ लाटांवरचा माणूस, जिकडे पाणी नेईल तिकडे जाणारा. (आजच्या जपानमध्ये विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हुकल्यामुळे वर्षभर पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्या मुलांनाही रोनिनच म्हणतात.) १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, हरलेल्या पक्षातल्या सरदारांच्या जहागिरी गेल्या आणि त्यांचे चाकर रस्त्यावर आले. पुढे १६१५मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, तोकुगावा घराण्याचा अंमल पक्का झाला आणि देशात शांतता नांदू लागली. ज्यांना फक्त लढणं येतं, त्यांच्यासाठी शांतता म्हणजे बेकारी. अशा माणसाला मानाने जगण्याची एक वाट उरली होती: कुणा सरदाराच्या पदरी शस्त्रगुरू म्हणून राहायचं. त्यामुळे द्वंद्व हा पराक्रम तर होताच, पण बऱ्याच अंशी तो नोकरीसाठी लागणारा दाखलाही होता. मुसाशीने असे साठाहून अधिक दाखले गोळा केले, असं तो स्वतः सांगतो.

आज जगाला माहीत असलेला मुसाशी मात्र मुख्यतः योशिकावा एइजी या कादंबरीकाराने घडवलेला आहे. 'मियामोतो मुसाशी' ही कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात 'आसाही शिंबुन' या दैनिकातून क्रमशः आली. तिच्यामागे एक वाद होता. मुसाशी खरोखर श्रेष्ठ तलवारबाज होता की नुसताच नावाजलेला, यावरून नाओकी सांजूगो आणि किकुची कान या दोन लेखकांची जुंपली होती. नाओकींच्या मते मुसाशीचं मोठेपण फुगवलेलं होतं. योशिकावांनी किकुचींची बाजू घेतली, नाओकींनी त्यांनाही आव्हान दिलं, आणि योशिकावांचं सविस्तर उत्तर काही वर्षांनी कादंबरीच्या रूपात आलं. १९८१ साली चार्ल्स टेरी यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं. आपल्याकडच्या बहुतेक वाचकांप्रमाणे मीही ती त्याच वाटेने वाचली. इनागाकी हिरोशी यांचे १९५४ ते १९५६मधले तीन चित्रपट, उचिदा तोमु यांची १९६१ ते १९६५मधली पाच चित्रपटांची मालिका, इनोउए ताकेहिको यांची १९९८पासूनची 'व्हॅगाबॉण्ड' ही चित्रकथा, हे सगळे योशिकावांच्याच पायावर उभे आहेत.

कादंबरीची ताकद कशात आहे? योशिकावांनी मुसाशीला अखंड शिष्य केलं, यात. स्वतःखेरीज जो भेटेल तो आपला गुरू, ही योशिकावांची आवडती धारणा होती, आणि ती या कादंबरीच्या रचनेत मुरलेली आहे. दत्तात्रेयांचे चोवीस गुरू ठाऊक असलेल्या वाचकाला ही रचना चटकन ओळखीची वाटते. ताकुआन नावाचा झेन भिक्षू दांडगट ताकेझोला झाडाला टांगतो, मग किल्ल्यातल्या खोलीत पुस्तकांसह कोंडतो. त्या कोंडवाड्यातून जो बाहेर पडतो तो मुसाशी. (ताकुआन ही ऐतिहासिक व्यक्ती आहे, पण त्यांचं हे गुरुशिष्याचं नातं कादंबरीकाराचं.) वृद्ध याग्यू सेकिशूसाईने कापलेला फुलाचा देठ मुसाशीच्या हाती येतो आणि त्या छेदावरून तो कापणाऱ्याचा हात ओळखतो. होनआमी कोएत्सु आणि त्याची आई यांच्यासोबत चहा घेताना त्याची नजर वाडग्यावर कुंभाराच्या हत्याराने उमटलेल्या खुणेवर खिळते. योशिनो नावाची गणिका आपलं तंतुवाद्य फोडून आतली आडवी पट्टी दाखवते: ती सैल आहे म्हणून सूर निघतो, आणि तू मात्र नको इतका ताणलेला आहेस. तलवारीची कादंबरी म्हणून हातात घेतलेलं पुस्तक मातीची, फुलाची, वाद्याची कादंबरी होत जातं. या प्रसंगांसाठी मी तिच्याकडे पुन्हा जातो.

मुसाशीच्या हाताखाली मुलं देण्याची सोयही योशिकावांनी केली आहे. आधी जोतारो, मग इओरी. पण गुरू म्हणून मुसाशी या कादंबरीत कच्चाच आहे. जोतारो वाटेत त्याच्यापासून दुरावतो तो दीर्घ काळ सापडत नाही; मुसाशीला स्वतःच्या साधनेपुढे पोराकडे लक्ष द्यायला सवड नसते. इओरीचं थोडं बरं आहे. त्याच्याबरोबर मुसाशी एका माळरानावर जमीन कसायला घेतो. पाऊस येतो, पाणी सगळं धुऊन नेतं. पाण्याला आपल्या मनाप्रमाणे वळवायच्या हट्टापायी आपण हरलो, पाण्याची आणि मातीची चाल आधी ओळखायला हवी, हे त्याला तिथे उमगतं. शिकवण्याच्या सगळ्यात जवळ जाणारा कादंबरीतला हा भाग आहे. आणि तिथेसुद्धा शिकतो तो मुख्यतः मुसाशीच.

इथे एक तपशील बोलका आहे. खरा मियामोतो इओरी जन्मला १६१२ साली, म्हणजे ज्या वर्षी कादंबरी संपते त्याच वर्षी. पुढे मुसाशीने त्याला दत्तक घेतलं, तो कोकुरा इथल्या ओगासावारा घराण्याचा वरिष्ठ कारभारी झाला आणि १६५४मध्ये त्याने बापाचं स्मारक उभारलं. योशिकावांनी त्याला उचलून दहाबारा वर्षं मागे आणून ठेवलं. शिष्याशिवाय मुसाशी पुरा होत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं, असाच मी याचा अर्थ लावतो. पण शिष्य हवा म्हणून गोष्ट पुढे नेण्याऐवजी त्यांनी शिष्यालाच मागे ओढला.

असं का व्हावं? एक कारण उघड आहे: द्वंद्वाला शेवट असतो, शिकवण्याला नसतो. रोज छापून येणाऱ्या कादंबरीला उद्याची ओढ लावावी लागते, आणि द्वंद्व ही ओढ आयती देतं. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. इचिजोजीच्या माळावर मुसाशी एकटा योशिओका घराण्याच्या जमावावर तुटून पडतो आणि सर्वांत आधी त्यांच्या नामधारी प्रमुखाला मारतो. कादंबरीत हा प्रमुख एक लहान मुलगा आहे. युद्धशास्त्राच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण त्यानंतर त्याच हातांनी दुसऱ्या मुलांना वाढवणं हा केवढा मोठा विषय होता! कादंबरी त्याच्याजवळून जाते, हिएइ पर्वतावरच्या भिक्षूंकडून मुसाशीला खडे बोल ऐकवते, आणि पुढच्या द्वंद्वाच्या वाटेला लागते. उचिदांच्या चित्रपटात या हत्येचा डाग अधिक गडद राहतो. त्यांचा मुसाशी शेवटी कोजिरोला मारून परतताना सुखावलेला नाही. तो स्वतःच्या हातांकडे पाहतो. इनागाकींच्या चित्रपटात मिफुने तोशिरोंचा मुसाशी होडीत रडतो. दोघांनाही जाणवलं आहे की या विजयात काहीतरी अपुरं आहे. पण ते अपुरेपण चेहऱ्यावर दाखवून दोन्ही कॅमेरे थांबतात.

पुढचं मुसाशीने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

१६४० साली होसोकावा तादातोशी या सरदाराने त्याला कुमामोतोला बोलावून घेतलं. तिथे तो चाकर म्हणून राहिला नाही; त्याला पाहुण्याचा मान होता. म्हणजे आयुष्याच्या अखेरीस त्याला मानमरातब मिळाला, पण धनी असा त्याने केला नाहीच. तादातोशींसाठी त्याने पस्तीस कलमांचं एक टिपण लिहिलं. पुढच्याच वर्षी तादातोशी वारले. १६४३मध्ये, साठाव्या वर्षी, मुसाशीने कुमामोतोजवळच्या डोंगरात 'गोरिन नो शो' लिहायला घेतलं. रेइगान्दो नावाची तिथली गुहा त्याच्या नावाशी जोडली गेली आहे. १६४५मध्ये मरणाच्या थोडं आधी त्याने ते तेराओ मागोनोजो या शिष्याकडे सोपवलं.

या ग्रंथाच्या सुरुवातीलाच मुसाशी आपला हिशेब मांडतो. तेराव्या वर्षी पहिली झुंज, विशी संपेपर्यंत साठावर लढती, एकही हार नाही. आणि लगेच तो सांगतो की तिशी उलटल्यावर मागे वळून पाहिलं तेव्हा आपण विद्येच्या जोरावर जिंकलो असं वाटेना. उपजत हातोटी असेल, दैवाची साथ असेल, किंवा समोरच्यांची विद्याच तोकडी पडली असेल. मग तो रात्रंदिवस घासत राहिला आणि पन्नाशीच्या सुमारास त्याला मर्म सापडलं.

मुसाशीचं सगळं गुरुपद मला या एका कबुलीत दिसतं. साठ विजय हातात असताना, आपण का जिंकलो ते आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणायला धाडस लागतं. जिंकणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरलेल्याला कारण शोधावंच लागतं, जिंकलेल्याला कुणी विचारत नाही. उत्तम गाणारा उत्तम शिकवेलच असं नाही, हे आपल्याकडे संगीत शिकणारा कुणीही सांगेल. गळ्यात असलेली जागा शिष्याच्या गळ्यात जायची तर ती आधी स्वतःला उकलावी लागते. मुसाशीने त्या उकलीला वीस वर्षं दिली. लोककथा थांबते ती नेमकी या शंकेच्या आदल्या दिवशी.

आणि मग त्या ग्रंथाची भाषा. बौद्ध वा कन्फ्यूशियन वचनं उसनी घेणार नाही, जुन्या युद्धकथांचे दाखले देणार नाही, असं तो आधीच बजावतो. त्याचं आवडतं उदाहरण सुताराचं. मुख्य सुतार सरळ, बिनगाठीचं लाकूड दर्शनी खांबाला लावतो, गाठाळ पण मजबूत लाकूड आतल्या बाजूला, आणि अगदी कुचकामी असेल त्याची पहाड बांधतो किंवा ते जळणाला ठेवतो. माणसंही तशीच पारखून लावावीत. दोन तलवारी का वापरायच्या? मरायची वेळ आली असताना कमरेला एक हत्यार न वापरता राहू नये म्हणून. हजार दिवसांच्या सरावाला तो घडवणं म्हणतो आणि दहा हजार दिवसांच्या सरावाला पैलू पाडणं. आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेद तो एकाच ठेक्यावर आणून सोडतो: यावर नीट विचार कर, हे करून पाहा. सलग वाचताना हे पालुपद आधी कंटाळवाणं वाटतं. मग ध्यानात येतं की हा वर्गातला आवाज आहे. सांगून झालंय, आता तू कर.

त्या काळी तलवारीच्या घराण्यांमध्ये गुप्त विद्येचं प्रस्थ मोठं होतं. शपथपत्रं लिहून घ्यायची, पायरीपायरीने परवाने द्यायचे, शेवटचं रहस्य निवडक शिष्यापुरतं राखायचं. मुसाशी हे सगळं मोडीत काढतो. प्रत्यक्ष मारामारीत अमुक वार प्राथमिक आणि तमुक गुप्त असं काही नसतं, असं त्याचं म्हणणं. ज्याला जे लवकर समजेल ते त्याला आधी शिकवावं, अवघड ते मागाहून. शपथा घ्यायला लावणं त्याला पसंत नाही. त्याचा समकालीन याग्यू मुनेनोरी हा शोगुनचा शस्त्रगुरू. त्याने १६३२मध्ये लिहिलेला ग्रंथ घराण्यात जपण्यासाठीच होता आणि त्याच्यावर झेनचं दाट सावट आहे. मुनेनोरी अधिक सुसंस्कृत लेखक आहे, यात वाद नाही. पण पद, घराणं, दरबार यांपैकी काहीच पाठीशी नसलेल्या मुसाशीला गुपित राखून मोठं होण्याची गरज उरली नव्हती, असं मला वाटतं. धनी नसणं इथे त्याच्या कामी आलं.

भाषांतरात या ग्रंथाचं काय होतं, हेही पाहायला हवं. इंग्रजीत त्याची पाच कडी झाली. जपानी वाचकाला 'गोरिन' म्हटल्यावर बौद्ध स्मारकस्तूप आठवतो: तळाशी चौकोनी पृथ्वी, तिच्यावर गोल आप, मग उतरत्या छपरासारखं तेज, वायू, आणि टोकाला रत्नासारखं आकाश. ही आपलीच पंचमहाभूतं, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. मुसाशीचे पाच खंड त्यांच्याच नावांचे आहेत, आणि भारतीय भाषांत ते आणताना इंग्रजीला वळसा घालता येईल. वायुखंडात इतर घराण्यांवर टीका का आहे, हे इंग्रजीत तळटीप दिल्यावाचून कळत नाही. जपानीत 'फू' म्हणजे वारा आणि 'फू' म्हणजे रीतही. मराठीत शहराचं वारं लागतं, सिनेमाचं वारं लागतं. तिथे तळटीप नको. शेवटच्या खंडातला 'कू' मात्र आपल्याला पेचात टाकतो. तो महाभूतातलं आकाशही आहे आणि बौद्धांचं शून्यही. आपल्याकडे या दोन शब्दांचे संसार वेगळे आहेत, त्यामुळे भाषांतरकाराला एकाची निवड करावी लागेल आणि दुसरा गमवावा लागेल.

याच वायुखंडात मुसाशी लांब तलवारीच्या भरवशावर राहणाऱ्या घराण्यांचा समाचार घेतो. वाचक सरसावून बसतो: आता कोजिरो येणार. पण त्याचं नाव या ग्रंथात कुठेच नाही. बेट नाही, वल्हं नाही. ज्या द्वंद्वावर चित्रपटांनी शेवट बांधले, त्याचा शिकवण्यात काही उपयोग नाही म्हणून गुरूने ते गाळून टाकलं असावं, असा माझा तर्क. उरला तो धडा: लांबीच्या आधाराने लढणाऱ्याचं मन दुबळं असतं, आणि जागा अडचणीची असली की तीच लांबी अडसर होते.

म्हणून या ग्रंथाला संतवाणी समजण्याचं मात्र कारण नाही. १९८०च्या दशकात जपानी उद्योगांच्या यशाचं गुपित शोधणाऱ्या अमेरिकी व्यवस्थापकांनी हे पुस्तक उचलून धरलं, आणि तेव्हापासून त्यातला माणूस कापण्याचा विषय रूपक म्हणून वाचला जातो. मुसाशी रूपकात बोलत नाही. तलवार हातात घेतली की हेतू समोरच्याला कापण्याचाच, हे तो आडपडदा न ठेवता सांगतो. जे मेले त्यांच्याविषयी मात्र चकार शब्द नाही. शिष्याचा एखादा प्रश्नही या ग्रंथात ऐकू येत नाही. मरणापूर्वी काही दिवस त्याने एकवीस नियमांचं 'दोक्कोदो' लिहिलं. त्या शब्दाचा अर्थच एकट्याने चालायची वाट. आयुष्यभर गुरू न केलेला हा माणूस गुरू झाला तोही एकटाच राहून. हा त्याच्या शिकवण्याचा दोष आहे असं मी मानतो, आणि कादंबरीकाराने भरून काढायला हवी होती ती हीच पोकळी. योशिकावांकडे ते सामर्थ्य होतं. वाडग्यावरच्या खुणेतून माणूस वाचणारा लेखक गुहेतल्या म्हाताऱ्याला आणि त्याची वाट पाहणाऱ्या शिष्याला समोरासमोर बसवू शकला असता.

'गोरिन नो शो'ची मुसाशीच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. आहेत त्या नकला. जिंकलेला माणूस त्या अक्षरांतून नाहीसा झाला आहे. उरली आहेत ती पालुपदं, विचार कर आणि करून पाहा असं सांगणारी, दुसऱ्या कुणीतरी बसून उतरवून घेतलेली. मुसाशीवरचा पुढचा कादंबरीकार कोणत्याही भाषेतला असो, त्याने होडी किनाऱ्याला लावून सुरुवात करावी. नक्कल करणारा तो हात कुणाचा होता, एवढ्या प्रश्नावर एक कादंबरी सहज उभी राहील.